थंडीत दारव्ह्याची फुलपाखरं जातात तरी कुठे?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दारव्हा तालुक्यातल्या एखाद्या धुऱ्यावर दहा मिनिटं उभं राहिलं, तरी फुलपाखरांची कमी नसते. तरोट्याभोवती पिवळी, कंबरमोडीच्या फुलांवर चिमुकली निळी-करडी, रुईच्या झुडपाभोवती केशरी. मग सोयाबीन निघतं, दिवाळी होते, पहाटे स्वेटर लागायला लागतो. डिसेंबरात त्याच धुऱ्यावर सकाळी सात वाजता गेलात, तर एकही पंख हलताना दिसत नाही.

फुलपाखरू दोन-चार आठवडेच जगतं, असं आपण ऐकलेलं असतं. मग ही सगळी मेली का? आणि मेली असतील, तर जूनच्या पहिल्या पावसानंतर पुन्हा एवढी येतात कुठून?

उत्तर एका वाक्यात सांगायचं तर काही थांबून राहतात, काही वेश बदलतात, काही गाव सोडतात आणि काहींचा खरा हंगाम थंडीतच असतो. पण यातली गंमत अशी आहे की आपल्या भागात या सगळ्या खटाटोपाचं मुख्य कारण थंडी नाहीच.

सकाळी सातला का दिसत नाहीत?

आधी थंडीचंच बघू. यवतमाळ जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांच्या आसपास उतरणं नेहमीचं आहे. कधी थंडीची लाट आली की तो आणखी खाली जातो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, ते विदर्भातल्या अनेकांच्या लक्षात असेल.

माणसाचं शरीर आतून ऊब तयार करून टिकवतं. फुलपाखराकडे ही सोय नाही. भोवतालची हवा जेवढी गार, जवळपास तेवढंच त्याचं शरीर गार. आणि उडायचं असेल तर छातीतले स्नायू साधारण ३० अंशांच्या आसपास तापावे लागतात. त्यामुळे पहाटे ते उडूच शकत नाही. पानाखाली, गवताच्या काडीला, झुडपाच्या आतल्या बाजूला ते पाय रोवून लटकलेलं असतं. हात लावला तरी नीट हलत नाही. ते मेलेलं नसतं, फक्त गारठलेलं असतं.

ऊन आलं की कामाला सुरुवात होते. बरीच फुलपाखरं पंख सपाट उघडून उन्हाकडे पाठ करून बसतात. पंखांचा अंगाजवळचा भाग तापतो, ती उष्णता शरीराला मिळते आणि पंखांखाली गरम हवा अडकून राहते. ग्रास यलो नावाची छोटी पिवळी फुलपाखरं मात्र पंख मिटूनच बसतात आणि एक कूस उन्हाकडे करतात. काही जाती जागेवरच पंख थरथरवून स्नायू गरम करून घेतात. थंडीत आपणही हात चोळतो, तसंच.

या दहा-पंधरा मिनिटांत फुलपाखरू सगळ्यात असहाय असतं. त्याला उडता येत नाही आणि पक्षी मात्र उजाडल्यापासून जागे असतात. थंडीची पहिली खरी किंमत ती ही. बाकी दुपारी दारव्ह्यात चांगलं ऊन असतं, पारा पंचविशीच्या पुढे जातो आणि नऊ-दहानंतर फुलपाखरं उडताना दिसतातच. म्हणजे इथली थंडी फुलपाखरांना रोज काही तास थांबवते, महिनोन्‌महिने नाही.

जिथे सगळं गोठतं, तिथे काय होतं?

इंटरनेटवर ‘हिवाळ्यात फुलपाखरं काय करतात’ असं शोधलं की जी माहिती मिळते, ती बहुतेक युरोप-अमेरिकेची असते. ती वाचून आपल्याकडचं समजत नाही, पण तुलनेसाठी ती हवी.

फुलपाखराच्या आयुष्यात चार टप्पे असतात. अंडं, अळी, कोष आणि पंखवालं फुलपाखरू. बर्फाच्या देशांत प्रत्येक जात यातला एक टप्पा हिवाळ्यासाठी निवडते. ब्रिटनमध्ये सुमारे ६० जाती आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त अळीच्या रूपात गवताच्या बुडाशी, पालापाचोळ्यात हिवाळा काढतात. काही कोषात असतात, काही अंड्यात. मोजक्याच जाती पंखवाल्या रूपात पोकळ झाडांत, शेडमध्ये, घरांच्या माळ्यावर बसून राहतात. त्यातलं ब्रिमस्टोन नावाचं पिवळं फुलपाखरू दहा-अकरा महिनेही जगू शकतं. दोन आठवड्यांचं आयुष्य हा नियम सगळ्यांना लागू नाही, तो असा.

या काळात वाढ जवळजवळ थांबते. शरीर खूप कमी ऊर्जा वापरतं. रक्तात ग्लिसरॉलसारखे पदार्थ वाढतात आणि आतलं पाणी सहजासहजी गोठत नाही. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या कूलंटचंच काम. या अवस्थेला मराठीत सुप्तावस्था म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कापसाच्या शेतात पुन्हा लागणार आहे.

सुप्तावस्था थंडी पडल्यावर सुरू होत नाही, त्याच्या आधीच होते. दिवस लहान होऊ लागला, झाडाची पानं निबर झाली, की अळीला पुढचा अंदाज येतो. दिवसाची लांबी हे कॅलेंडर कधी चुकत नाही. थंडीच्या लाटेसारखं ते मागेपुढे होत नाही.

आणि अमेरिकेतलं मोनार्क तर प्रसिद्धच आहे. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतून मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांच्या जंगलापर्यंत, काही वेळा ४,००० किलोमीटरपर्यंतचा प्रवास. ती जागा शास्त्रज्ञांना १९७५ मध्ये सापडली. फांद्या वाकतील इतकी फुलपाखरं तिथे लगडलेली असतात, म्हणून त्यांची मोजणी संख्येत न करता ती किती हेक्टरवर पसरली आहेत यावर करतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ती १८ हेक्टरवर होती, २०२३-२४ मध्ये एका हेक्टरपेक्षाही कमी जागेत.

आपल्या रुईवर दिसणारं केशरी फुलपाखरू, प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा, हे या मोनार्कचं जवळचं भावंड. दोघांचं कुळ एक, दोघांच्या अळ्या चिकाच्या झाडांवर वाढतात, दोघांच्या अंगात त्या चिकाचं विष साठतं. पण बिबळ्याला दारव्ह्याहून कुठे जायची गरज पडत नाही. रुई बाराही महिने हिरवी असते. पाणी नसलेल्या पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांसारख्या जागांवर ती वाढते. अळीला खायला आहे, तोवर वंश चालू. थंडीत फक्त प्रत्येक टप्प्याला जास्त दिवस लागतात.

खरी अडचण वाळण्याची

आता दारव्ह्याचं गणित बघा. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरपासून जमीन सुकत जाते. तरोटा, म्हणजे टाकळा, डिसेंबरात काडी होऊन उभा असतो. गवत पिवळं पडतं. पुढे जंगलातला साग पानं टाकतो. पानगळीचं कोरडं जंगल, असंच या भागातल्या जंगलाला म्हणतात.

पंखवाल्या फुलपाखराला फुलातला मध चालतो आणि तो थोडाफार मिळत राहतो. अळीला मात्र कोवळी पानं लागतात, तीही ठरलेल्या झाडाची. ग्रास यलोची अळी तरोट्यावर वाढते. लिंबावरची अळी गवत खाऊन जगत नाही. एरंडावरची अळी तुरीकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे मादीने डिसेंबरात वाळक्या तरोट्यावर अंडी घातली, तर पिल्लं उपाशी मरणार.

म्हणून इथला प्रश्न ‘थंडीत जगायचं कसं’ एवढाच नाही. ‘पुढचा पाऊस येईपर्यंत सात-आठ महिने काढायचे कसे’ हा आहे. थंडी ही त्या लांब कोरड्या काळाची फक्त सुरुवात.

पाचोळ्यातलं वाळकं पान

या प्रश्नाचं सगळ्यात भारी उत्तर कॉमन ईव्हिनिंग ब्राऊन या फुलपाखराकडे आहे. ते संध्याकाळी उडतं, दिव्याजवळ घरातही येतं. त्याची अळी गवत खाते, ज्वारी आणि धानाची पानंही खाते. त्यामुळे ते खेड्यापाड्यांत सगळीकडे आहे.

पावसाळ्यात जन्मलेल्या ईव्हिनिंग ब्राऊनच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक गोल डोळे असतात. पक्षी किंवा नाकतोडा खाणारा प्रार्थनाकीटक या खोट्या डोळ्यांवर झडप घालतो, पंखाची कडा फाटते आणि जीव वाचतो. पावसाळा संपताना जन्मलेल्या पिढीत हे डोळे जवळजवळ नाहीसे होतात. त्याऐवजी सगळा पंख वाळक्या पानासारखा होतो. तपकिरी, मधोमध शीर काढल्यासारखी रेघ, कडा कोरल्यासारख्या. ते पाचोळ्यात बसलं की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. हिरव्या गवतात डोळे कामाचे, वाळक्या पाचोळ्यात ते घातक. हलायचं नाही, दिसायचं नाही, हा कोरड्या दिवसांचा डाव.

दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतका हा फरक आहे. प्रत्यक्षात आई एकच असू शकते. कुठला वेश घ्यायचा, हे अळी असताना मिळालेल्या हवामानावर ठरतं. आफ्रिकेतल्या बायसायक्लस अनायनाना या त्याच्या दूरच्या नातलगावर प्रयोगशाळेत यावर भरपूर काम झालं आहे. २७ अंशांच्या उबेत वाढवलेल्या अळ्यांची फुलपाखरं मोठ्या डोळ्यांची होतात, १७ अंशांच्या आसपास वाढवलेल्यांची फिकट आणि डोळे पुसलेली. जनुकं तीच, कपडे वेगळे.

असा वेश बदलणारी आणखीही आहेत. पिकॉक पँझी हे केशरी, मोरपिसासारखे डोळे असलेलं फुलपाखरू पावसाळ्यात गोलाकार पंखांचं असतं. कोरड्या दिवसांत त्याच्या पंखांना टोकं येतात, खालची बाजू पानासारखी होते. ग्रास यलोच्या पंखांची काळी किनार कमी होते आणि खाली तपकिरी ठिपके येतात. फुलपाखरांची ओळख शिकणारे नवखे लोक या रूपांमुळे हमखास गोंधळतात.

वेशाबरोबर आतलाही कारभार बदलतो. कोरड्या हंगामातल्या अनेक माद्या अंडी तयार करणं लांबवतात. अंड्यांवर खर्च होणारी ऊर्जा चरबी म्हणून राहते आणि तीच मादी काही आठवड्यांऐवजी काही महिने जगते. युरोपातली फुलपाखरं हिवाळ्यात सगळंच बंद करतात. आपल्याकडची उडणं चालू ठेवून फक्त संसार पुढे ढकलतात, असं म्हटलं तरी चालेल.

लिंबाच्या झाडावरचा हिरवा कोष

घराजवळ बघायचं असेल तर लिंबू, कढीपत्ता किंवा बेल बघा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी अळी अनेकांनी झाडावरून काढून फेकलेली असते. ती लिंबाळी या फुलपाखराची किंवा त्याच्या नातलगांची असते. संत्र्याच्या रोपवाटिकेत ती नुकसान करते, त्यामुळे बागायतदारांना ती चांगलीच ओळखीची.

लिंबाळीचा अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास उबदार हवेत महिन्याभरात उरकतो, कोषाचा काळ जेमतेम आठवडा-दीड आठवडा. थंडीत हाच कोष कितीतरी जास्त दिवस तसाच राहतो. थंड प्रदेशात तर ही जात आख्खा हिवाळा कोषात काढते. कमरेला रेशमाचा एक धागा बांधून कोष फांदीला टेकलेला असतो. हिरव्या पानांत असेल तर तो बहुधा हिरवा होतो आणि खडबडीत काडीवर असेल तर तपकिरी. वाळका, रिकामा वाटला तरी तो रिकामा असेलच असं नाही. छाटणी करताना अशी फांदी दिसली तर आणखी दोन-तीन आठवडे ठेवायला काय हरकत आहे?

महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हेही याच घराण्यातलं आणि त्याची अळीही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य होतं.

ज्यांना डिसेंबरच हवा असतो

सगळेच उपाशी नसतात. डिसेंबरात दारव्ह्याच्या शिवारात सगळं वाळत असताना एक पीक फुलावर असतं. तूर.

तुरीवर पी ब्लू नावाचं छोटं निळं फुलपाखरू येतं. नखाएवढं, मागच्या पंखांना दोन बारीक शेपट्या. मादी कळ्या-फुलांवर अंडी घालते आणि अळी फुलात, शेंगेत शिरून आतलं खाते. या अळीच्या अंगातून गोड रस पाझरतो, तो चाटायला मुंग्या येतात आणि बदल्यात तिची राखण होते. मुंग्यांना पगार, अळीला बॉडीगार्ड.

तुरीचं नुकसान म्हटलं की शेतकऱ्याला आधी घाटे अळी, पिसारी पतंग आणि शेंगमाशी आठवते. तेच बरोबर आहे, मोठं नुकसान त्यांचंच. पण शेंगांवरच्या किडींच्या यादीत हे निळं फुलपाखरूही असतं. म्हणजे ‘फुलपाखरं चांगली, पतंग वाईट’ अशी सरळ वाटणी निसर्गात नाही.

गाव सोडणारी

आता स्थलांतराचं. भारतातही फुलपाखरं मोठे प्रवास करतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो म्हणजे आपलं हबशी, ही मोनार्कच्याच घराण्यातली मंडळी. दक्षिण भारतात मान्सूनच्या आधी ती सह्याद्रीतून पूर्वेकडच्या भागाकडे जाताना हजारोंच्या संख्येने दिसतात आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, उलट सह्याद्रीकडे येतात. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवासांचा अभ्यास केला आहे. प्रवासातल्या बहुतेक माद्यांच्या पोटात तयार अंडी नसतात, असं त्यात दिसलं. वजन कमी ठेवायचं, ताकद पंखांना द्यायची, पोचल्यावर बाकीचं.

म्हणजे मोनार्क थंडीपासून पळतं, तर आपली मंडळी मान्सूनच्या तालावर चालतात.

विदर्भातही ब्लू टायगर आणि हबशी दिसतात. थंडीत ती ओढ्याकाठच्या दाट सावलीत घोळक्याने लटकलेली सापडू शकतात. दुसरी जागा म्हणजे वाळलेला खुळखुळा. शेंगा हलवल्या की वाजतो तोच. या जातींचे नर वाळक्या खुळखुळ्यावर झुंबड करतात, ते मधासाठी नाही. त्या झाडात एक कडू विषारी रसायन असतं. ते शोषून नर स्वतःला बेचव बनवतात आणि त्याच रसायनापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. आपल्याला काडीकचरा वाटणारं झाड त्यांच्यासाठी औषधाचं आणि अत्तराचं दुकान आहे.

बोंडअळीला हे सगळं आधीपासून येतं

यवतमाळ जिल्ह्यात सुप्तावस्था हा शब्द पुस्तकातला नाही, कृषी विभागाच्या पत्रकातला आहे. कारण गुलाबी बोंडअळी.

बोंडअळी ही फुलपाखराची नाही, पतंगाची अळी. पण दोघं एकाच गणातले. कपाशीचा हंगाम संपत आला की तिच्यातल्या काही अळ्या वाढ थांबवून सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, किडक्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगात त्या महिनोन्‌महिने पडून राहतात. पुढच्या हंगामात पतंग बाहेर येतो आणि नव्या कपाशीवर अंडी घालतो. ब्रिटनमधली फुलपाखराची अळी गवतात जे करते, तेच.

२०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा हल्ला झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर ‘फरदड घेऊ नका’, ‘डिसेंबर-जानेवारीत पीक संपवा’, ‘पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका’ हे सल्ले दरवर्षी येतात. त्यामागचं विज्ञान एवढंच की अळीची झोपायची जागा काढून घ्यायची. पतंग बाहेर आला आणि समोर कपाशीच नसली, तर तो अंडी घालायला जागा न मिळता मरतो. फवारणीपेक्षा हे स्वस्त आणि माणसासाठी कितीतरी सुरक्षित.

हे एवढं सांगायचं कारण, हाच नियम दुसऱ्या बाजूनेही लागू होतो.

धुरा पेटला की काय जळतं?

ज्या जागा आपण ‘कचरा’ म्हणून साफ करतो, तिथेच थंडीतली फुलपाखरं असतात. ईव्हिनिंग ब्राऊन पाचोळ्यात. कोष वाळक्या काड्यांवर. रात्रीच्या मुक्कामाला आलेली पिवळी-निळी गवतात. पीक निघालं की धुरा पेटवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. गावात, शहरात सकाळी अंगण झाडून पानांचा ढीग पेटवला जातो, शेकोटीचं निमित्तही होतं. आणि नेमकी ही वेळ अशी असते की फुलपाखराचं अंग गार असतं आणि ते उडून जाऊ शकत नाही.

धुऱ्याला लावलेली आग किडी मारते, हा समज पूर्ण चुकीचा नाही. पण गुलाबी बोंडअळी धुऱ्यावरच्या गवतात झोपत नाही, ती सरकीत आणि पऱ्हाटीत असते. म्हणजे पऱ्हाटीचा बंदोबस्त करणं गरजेचं, आणि धुरा जाळण्याने त्या शत्रूचं फारसं काही बिघडत नाही. जळतात ते पीक न खाणारे जीव, किडी खाणारे कोळी, सरडे आणि मातीत जाऊ शकणारा पाला. दोन गोष्टींची गल्लत इथेच होते.

धुरा पूर्ण मोकळा ठेवणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. वाट हवी असते, साप-विंचवाची भीती असते आणि ती खरी आहे. पण सगळा धुरा एकाच वर्षी साफ न करता काही पट्टा तसाच ठेवणं, गवत जाळण्याऐवजी कापणं आणि पाला एका कोपऱ्यात कुजू देणं, एवढं तरी शक्य असतं. गावातल्या पाल्याचं म्हणाल, तर उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच देशभर मनाई केली आहे. साध्या प्रकरणात ५,००० रुपये दंडाची तरतूद त्या आदेशात आहे. अंमलबजावणी किती होते, हे कोणत्याही गल्लीत सकाळी चक्कर मारली की कळतं.

बघायचं असेल तर

थंडीत फुलपाखरं बघायला पहाटे उठायची गरज नाही, हा या छंदाचा फायदाच. साडेनऊ ते साडेअकरा ही उत्तम वेळ. वारा नसलेली, ऊन थेट पडणारी जागा शोधायची. भिंतीची पूर्वेकडची बाजू, ओढ्याकाठ, फुललेली तूर, झेंडू, रायमुनिया, रुई. तापत बसलेलं फुलपाखरू चटकन उडत नाही, त्यामुळे मोबाईलवरही फोटो चांगला येतो. सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, बस. ओळख पटवायची असेल तर पंखांच्या वरच्या बाजूइतकाच खालच्या बाजूचा फोटो महत्त्वाचा, कारण कोरड्या हंगामातलं रूप तिथेच कळतं. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर किंवा बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळावर फोटो टाकता येतात. तारीख आणि ठिकाण नक्की लिहा. पश्चिम घाटातल्या फुलपाखरांच्या नोंदी ढिगाने असतात. डिसेंबरातल्या दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णीच्या नोंदींची भर तिथे उपयोगाचीच.

गारठून जमिनीवर पडलेलं फुलपाखरू दिसलं तर घरात आणून साखरपाणी पाजायची गरज नसते. पानावर किंवा काडीवर चढवून उन्हात ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत ते स्वतःच जातं.

आणि जूनचं उत्तर? पाऊस पडल्यावर थोड्याच दिवसांत तरोटा उगवतो, गवताला कोंब येतात. पाचोळ्यात तग धरून राहिलेल्या ईव्हिनिंग ब्राऊनच्या माद्या, फाटक्या पंखांच्या का असेनात, तेव्हा कोवळ्या गवतावर अंडी घालतात. त्या अंड्यांतून आलेल्या अळ्या उबेत आणि ओलाव्यात वाढतात, आणि जुलैमध्ये बाहेर पडणाऱ्या फुलपाखरांच्या पंखांवर गोल डोळे परत आलेले असतात.